भाऊंची चार कॅलेंडरं

लोक विचारतात, "ऑफिसात काय विशेष?" मी म्हणते, "काही नाही, रोजचंच." मग चहा येतो, मी सहज एक सांगायला घेते, त्याला लागून दुसरं आठवतं, आणि चहा गार होईपर्यंत मीच बोलत असते. किस्से जमवायला मी कधी गेले नाही. ते आपोआप साठले. आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळे एकाच गोष्टीचे आहेत: मीटिंगचं आमंत्रण आलं कुठे आणि आम्ही पोचलो कुठे!

आधी माणसं सांगते, म्हणजे तुमचा घोळ होणार नाही. घोळ घालायला आम्ही पुरेसे आहोत.

भाऊ आमचे मालक. राहणार सुदुंबरे. घरची शेती आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत. वीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटीला नोकरी केली, मग घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं काम काढलं. काम साधं आहे. मोठ्या कंपन्यांकडे हजारोंनी सुटे भाग येतात. त्यातले चांगले कुठले, खराब कुठले हे आमची माणसं एकेक भाग हातात घेऊन बघतात. अशी सोळा माणसं, बहुतेक सगळ्या पोरीच, आणि ऑफिसात मी. मी राहते कुसगावला. आधी तिथल्याच एका हॉटेलात रिसेप्शनला होते. तिथे एकच रजिस्टर होतं आणि त्यात ज्याचं नाव असायचं तो माणूस यायचा. ते किती सुखाचे दिवस होते, हे मला इथे आल्यावर कळलं.

कारण इथे ईमेल आयडी चार. एक आमच्या फर्मचा. एक भाऊंचा स्वतःचा. आणि दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी आपापला एकेक दिलेला, कारण बाहेरच्या ईमेलवर ड्रॉइंग पाठवायला त्यांच्याकडे बंदी. एक गिऱ्हाईक गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवतं, त्यांना आम्ही सीटवाले म्हणतो. दुसरं रबराचे भाग बनवतं, ते रबरवाले. प्रत्येक ईमेलला आपापलं कॅलेंडर आहे, आणि प्रत्येक कॅलेंडरला वाटतं की भाऊ फक्त आपलेच!

* * *

भाऊंचा एक नियम आहे. बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. दारात येऊन कुणी लग्नाची पत्रिका हातात दिली, तर "जमणार नाही" असं तोंडावर म्हणतं का कुणी? "येतो" म्हणायचं, पुढचं पुढे. तोच नियम त्यांनी कॅलेंडरला लावला. आमंत्रण आलं की 'यस'. कुठल्याही आयडीवर येवो, कुणाचंही येवो. एकदा विमा विकणाऱ्याच्या वेबिनारलासुद्धा त्यांनी यस केलं होतं आणि वर "आभारी आहे" असं लिहिलं होतं.

एका सोमवारी संध्याकाळी मी चारही कॅलेंडरं उघडून बघितली, तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तीन मीटिंगा. तिन्हींना भाऊंचा होकार गेलेला.

"भाऊ, तुम्ही एक, मीटिंगा तीन. कसं करायचं?"

"त्यात काय ताई? घरटी एक मानूस पाठवू की!"

गावात असंच चालतं. एका दिवशी तीन लग्नं आली तर एकीकडे बाप जातो, एकीकडे मुलगा, एकीकडे आई. घरातल्या कुणीतरी तोंड दाखवलं की मान राहतो. मग काय, भाऊ सीटवाल्यांकडे गेले, रबरवाल्यांची मीटिंग मी ऑनलाइन केली, आणि उरलं ते फर्मच्या ईमेलवर आलेलं सेफ्टीचं ट्रेनिंग. त्याला वहिनी बसल्या. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. समोर लॅपटॉप, मांडीवर मेथीची जुडी.

ट्रेनर तासभर बोलला. शेवटी म्हणाला, "कुणाला काही विचारायचंय?" पंचवीस जण गप्प. वहिनींनी माइक चालू केला.

"सायेब, सांगितलं लय चांगलं. पन तुमी घरात बसून हेल्मेट कशापायी घातलंय? वरनं काय पडतंय का?"

आठ दिवसांनी सर्टिफिकेट आलं, 'सर्वांत सक्रिय सहभाग', भाऊंच्या नावाने! भाऊंनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलंय. वहिनी त्यावरची धूळ पुसतात आणि पुसताना काहीतरी बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

* * *

आता जरा गंभीर गोष्ट. सीटवाल्यांचं काम म्हणजे आमचा संसार. सोळातली अकरा माणसं त्यांच्याच कारखान्यात, तळेगावच्या बाजूला, लाइनवर उभी असतात. दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या रेणुका मॅडम आमचा रिव्ह्यू घेतात. मॅडम शांत बोलतात, कमी बोलतात, आणि बोललेलं लिहून ठेवतात. त्यांचा नियम आहे की लागोपाठ तीन रिव्ह्यूंना गैरहजर राहिलात तर यादीतून नाव कमी. म्हणजे अकरा माणसं घरी.

पहिला रिव्ह्यू कसा चुकला ते सांगते.

आमंत्रण सीटवाल्यांच्या आयडीवर आलं. पण भाऊंच्या फोनवर आठवणीची घंटी वाजते ती त्यांच्या स्वतःच्या आयडीची. म्हणून भाऊंनी हुशारी केली. ते आमंत्रण स्वतःलाच फॉरवर्ड केलं. घंटी बरोबर वाजली. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसले, लिंक दाबली, आणि स्क्रीनवर आलं: 'थोडा वेळ थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल.'

भाऊ थांबले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी बाहेर पोरींच्या हजेरीचं बघत होते. चाळीस मिनिटांनी आत डोकावले तर भाऊ हात जोडल्यासारखे ठेवून स्क्रीनकडे बघत बसलेले.

"भाऊ, अजून बाहेरच? मला हाक मारायची ना!"

"न्हाई ताई, मोठ्या मान्सांच्या दारात थांबावं लागतंय. त्यांची कामं असत्यात."

मी मॅडमना फोन लावला, तोवर रिव्ह्यू संपला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ आलेच नाहीत. कुणीतरी अनोळखी माणूस मात्र सारखा आत यायला बघत होता. मी घेतला नाही."

"अनोळखी? नाव काय होतं?"

"मावळ किंग."

भाऊंचा आयडी कधीकाळी मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिला होता. नाव काय टाकू असं त्याने विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले होते, "टाका कायतरी झकास!"

* * *

दुसरा रिव्ह्यू चुकला तो माझ्यामुळे. हे मी कबूल करते, कारण न करून उपयोग नाही, सगळ्यांना माहीत आहे.

मी ठरवलं की आता शिस्त आणायची. एक रविवार घालवला. बाहेर कुसगावात मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि मी घरात बसून चारही कॅलेंडरांतल्या सगळ्या नोंदी एकमेकांत कॉपी करत होते. म्हणजे कुठलंही उघडा, सगळं दिसेल. संध्याकाळी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी घरी श्रीखंड आणलं.

गुरुवारी सकाळी अकराला रिव्ह्यू होता. भाऊ तयार, मी तयार, यावेळी बरोबर आयडीने आत गेलो. आत कुणीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मॅडमचा फोन आला.

"तुमची वाट बघून मी दीड तासापूर्वी रिव्ह्यू बंद केला."

"मॅडम, अकराला होता ना?"

"अकराला होता. पण भाऊंच्या कॅलेंडरवर गुरुवारी अकरा ते एक 'म्हैस' असं दिसलं. मग मी वेळ बदलून साडेनऊ केली. बदललेलं आमंत्रण पाठवलं होतं."

झालं होतं असं, की डॉक्टर म्हैस बघायला येणार होते ती नोंद भाऊंच्या घरच्या कॅलेंडरात होती. माझ्या शिस्तीपायी ती थेट सीटवाल्यांकडे पोचली. आणि वेळ बदलली ती मूळ आमंत्रणात. मी केलेल्या कॉप्या होत्या तशाच अकराला बसून राहिल्या. कॉपी बदलत नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मॅडम, चूक आमची हाय. तुमी आमच्या म्हशीची अडचन बघून टाइम बदलला, ह्ये उपकार हायेत तुमचे."

मग मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आता तिसरा. तिसऱ्याला मला काही करता येणार नाही." आणि मग जरा थांबून, "म्हैस बरी आहे ना?"

* * *

त्यानंतर मी कॉम्प्युटरवरचा विश्वास काढून घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहायला लागले. चार रंगांची चार पेनं. फक्त ते कॅलेंडर वहिनींचं होतं. त्यात दुधाचे खाडे होते, सिलिंडर लागल्याची तारीख होती, चतुर्थी होती, आणि आता त्यात रबरवाल्यांची मीटिंग.

दोन दिवसांनी बघते तर मीटिंगवर काट मारलेली, आणि बाण काढून ती पुढच्या चौकोनात नेलेली.

"वहिनी, हे तुम्ही केलं?"

"व्हय. त्या दिशी अमावस्या हाय. नव्या कामाची बोलनी अमावस्येला करत्यात का कुटं?"

मी म्हटलं, अहो, ही कंपनी आहे, त्यांना काय सांगू? वहिनी म्हणाल्या, हाय ते सांग. तोवर भाऊंनी फोन काढून सांगूनही टाकलं होतं! दुसरी वेळ सुचवायची सोय असते ना, त्यात त्यांनी एक दिवस पुढची तारीख टाकली आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'अमावस्या'.

मी डोक्याला हात लावला. रबरवाल्यांचे मॅनेजर शिकलेसवरलेले, टाय लावणारे. आता हे काम पण जातंय, असं मला वाटलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'बरं झालं सांगितलंत. माझ्या लक्षातच नव्हतं. इतर दोघांनाही कळवतो.'

* * *

रबरवाल्यांचं गिऱ्हाईक जर्मनीत आहे. एकदा तिकडच्या साहेबांबरोबर मीटिंग ठरली. एका आयडीवर ती दुपारी साडेबाराला दिसत होती, दुसऱ्या आयडीवर चारला. एका कॅलेंडरात घड्याळ आपल्या देशाचं होतं, दुसऱ्यात कुणीतरी तिकडचं लावून ठेवलं होतं. खरं कुठलं ते मला सांगता येईना. मी रबरवाल्यांना फोन करते म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "कशाला? दोनी टायमाला जाऊ."

साडेबाराला भाऊ आत गेले तर तिथे एकच माणूस बसलेला. रबरवाल्यांच्याच स्टोअरचे साहेब. त्यांच्याही कॅलेंडरात तोच घोळ! दोघेही चुकून आलेले, दोघांनाही ते कळलेलं, पण उठायचं आधी कुणी? मग भाऊंनी विचारलं, जेवण झालं का. त्यांनी विचारलं, भात कसा आहे यंदा. अर्ध्या तासाने भाऊंनी सहज विषय काढला की आमच्या माणसांना तुमच्या गेटवर रोज पाऊण तास उभं करतात. मी या गोष्टीसाठी सहा महिने मेल लिहीत होते. साहेब म्हणाले, "एवढंच ना?" आणि दुसऱ्या दिवसापासून पोरींना कायमचे पास मिळाले.

चारच्या खऱ्या मीटिंगमध्ये काय झालं ते आता कुणालाच आठवत नाही.

* * *

यमुनाबद्दल सांगायचं राहिलं. यमुना सीटवाल्यांच्या लाइनवर काम करते. डोंगरावरच्या एका वाडीतली. रोज तासभर चालत खाली उतरते, मग सहा आसनी रिक्षा पकडते. बोलते फार कमी. मशीन जो ओरखडा दाखवत नाही तो हिच्या बोटाला लागतो. तिच्या घरात पगार आणणारी ती एकटी, म्हणून अकरा माणसं घरी बसायची वेळ आली तर काय, या विचारात मला पहिलं तिचंच तोंड दिसायचं.

सीटवाल्यांनी या अकरा जणांनाही एकेक आयडी दिला होता, ट्रेनिंगसाठी. एका शनिवारच्या ट्रेनिंगचं आमंत्रण आलं. भाऊंच्या तालमीतली माणसं ती, सगळ्यांनी धडाधड यस केलं. यमुनाने तिसरं बटण दाबलं: 'कदाचित'.

मी फोन केला. "अगं, कदाचित काय? सुट्टी पाहिजे का?"

"न्हाई ताई. वाटंत ओढा हाय. रातच्याला वर पाऊस झाला तर सकाळी उतरू देत न्हाई. मग व्हय कसं म्हनू?"

दहा जणांनी यस केलं होतं, त्यातले सहा आले. यमुना आली, आणि भिजलेली सलवार पिळून पहिल्या रांगेत बसली.

* * *

आणि मग तिसरा रिव्ह्यू.

यावेळी मी काही बाकी ठेवलं नव्हतं. बुधवारी अकरा वाजता, ऑनलाइन. भिंतीवर लिहिलेलं, भाऊंच्या फोनमध्ये गजर, माझ्या फोनमध्ये गजर, वहिनींनासुद्धा पाठ. मी रोज सकाळी नऊला सीटवाल्यांचा आयडी उघडून बघत होते की वेळ बदलली तर नाही ना. मंगळवारी सकाळपर्यंत अकराच होती.

बुधवारी नऊला आयडी उघडला तर तो म्हणाला, पासवर्डची मुदत संपली, नवा घाला. मी नवा घातला. घेतला त्याने. पण भाऊंचा फोन खिशातल्या खिशात जुनाच पासवर्ड लावत बसला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि खातं बंद! स्क्रीनवर आलं की एक तासाने प्रयत्न करा. मी म्हटलं, ठीक आहे, दहाला उघडेल, मीटिंग अकराला आहे. आम्ही दोघं इस्त्रीच्या कपड्यांत तयार बसलो होतो. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली होती.

दहाला परत उघडून बघितलं, तर भाऊंच्या फोनने पुन्हा जुनाच पासवर्ड लावून खातं आणखी तासभर बंद पाडलं होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. आमच्यातलीच संगीता, कारखान्यातून. चहाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढून बोलत होती.

"ताई, तुमी कुटं हाय? मॅडम हितं लाइनवर आल्यात. दहापासनं रिव्ह्यू चालू हाय!"

मॅडमनी मंगळवारी संध्याकाळी बदल केला होता. ऑनलाइन नको, लाइनवरच उभं राहून बघू, दहा वाजता. आमंत्रण त्या बंद खात्यात पडून होतं.

भाऊंनी गाडी काढली. सुदुंबऱ्याहून तिथे जायला अर्धा तास लागतो. तळेगावच्या फाट्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा फक्त म्हणाले, "ताई, अकरा घरं हायेत." मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, कारण भाऊंनी ते बघितलं असतं तर गाडी चालवली नसती.

तिथे काय झालं ते संगीताने मागाहून सांगितलं, ते असं.

मॅडम दहाला लाइनवर आल्या. बरोबर त्यांची दोन माणसं, हातात वह्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "भाऊ कुठे आहेत?"

दोघी-तिघी म्हणणार होत्या की येतायत, वाटेत आहेत. यमुना म्हणाली, "ठावं न्हाई मॅडम."

"तुमच्याकडून रिव्ह्यूला कोण आहे मग?"

यमुनाने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग हातातले मोजे काढून टेबलावर ठेवले.

"मी."

मॅडमनी विचारलं, गेल्या तीन महिन्यांत ओरखड्यांचे भाग एवढे का वाढले? तुमची माणसं नीट बघत नाहीत का? हा प्रश्न आम्हाला मेलवर चार वेळा आला होता, आणि भाऊंनी चारही वेळा "लक्ष घालतो" असं उत्तर दिलं होतं. यमुनाने खिशातून छोटी वही काढली. कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीचा माल, किती ओरखडे, कुठल्या बाजूला. रोजचं. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

"मॅडम, समदे ओरखडे डाव्या अंगाला हायेत. आनि दुसऱ्या पाळीच्याच मालावर. मशीन दोनी पाळ्यांना त्येच हाय. मंग मशीनचा दोष न्हाई."

"मग कशाचा?"

"त्यो गाडा बगा. दुसऱ्या पाळीचा माल त्याच्यातनंच येतोय."

सगळे त्या मालाच्या ढकलगाड्याकडे गेले. यमुनाने मॅडमचा हात धरून गाड्याच्या डाव्या कडेवरून फिरवला. आतलं रबर झिजून पत्रा वर आला होता. मॅडमनी हात काढून बोटाकडे बघितलं, मग बरोबरच्या दोन माणसांकडे बघितलं, आणि ते दोघं वहीत बघायला लागले.

आम्ही पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. गेटवर पास, बूट, टोपी, सगळं करून आत पळालो. मॅडम निघायच्याच बेतात होत्या. भाऊंनी दोन्ही हात जोडले.

"मॅडम, चूक झाली, मी..."

"रिव्ह्यू झाला, भाऊ," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. "मला वरती बोलावं लागेल. निर्णय दुपारी कळवते." त्यांनी पेन काढलं. "कुठल्या आयडीवर पाठवू? माझ्याकडे तुमचे चार आहेत."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. एक बंद होता, एक मावळ किंग होता, आणि उरलेल्या दोघांबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नव्हते.

मागून यमुना म्हणाली, "मेल नको मॅडम. साडेतीनला आमची पाळी सुटती. फोन करा. मी उचलते."

मॅडमनी तिचा नंबर लिहून घेतला.

आम्ही परत गेलो नाही. गेटबाहेर टपरीजवळ भाऊंची गाडी लावून बसलो. भाऊंनी तीन चहा घेतले आणि तिन्ही अर्धे टाकले. साडेतीनला पाळी सुटली. अकरा जणी बाहेर आल्या आणि गाडीभोवती उभ्या राहिल्या. कुणी रिक्षा पकडायला गेलं नाही. यमुनाने लॉकरमधला फोन हातातच धरला होता.

तो वाजला तेव्हा चारला पाच कमी होते.

"व्हय, बोलतीया," यमुना म्हणाली. मग ती बराच वेळ ऐकत राहिली. मधे एकदा "बरं" म्हणाली. आणखी एकदा "बरं". भाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती आणि तिची कड चुरगळत होते. यमुनाने फोन ठेवला, पिशवीत टाकला, पिशवीचा बंद ओढला.

"काय म्हनल्या गं?" भाऊंनी विचारलं.

"भाऊ, येक तारखेपासनं दुसऱ्या पाळीलाबी आपलीच मानसं लागत्यात. सा जनी बगाया पायजेत. माझ्या वाडीतल्या दोगी हायेत, इचारू का?"